लिव्हर सोडला तरी बूम थांबत नाही तेव्हा: हायड्रॉलिक नियंत्रणे अडकण्याचा माग कसा काढावा

आपल्याकडे बॅकहो लोडरला सरसकट जेसीबी म्हणतात आणि साखळीवर चालणाऱ्या एक्स्कॅव्हेटरला पोकलेन. कंपनी कोणतीही असो, विहिरीच्या काठावर, शेततळ्यात किंवा कोकणातल्या चिरेखाणीत या यंत्रावर बसणाऱ्याची अपेक्षा एकच असते: लिव्हर ओढला की बकेट हलावी आणि सोडला की ती जागच्या जागी थांबावी. यातला दुसरा भाग बिघडतो, म्हणजे लिव्हर सोडूनही बूम (बकेट उचलणारा मुख्य हात) वर जात राहतो किंवा फिरणारा हात फिरतच राहतो, तेव्हा तो केवळ दुरुस्तीचा विषय राहत नाही. खड्ड्यात उतरलेला हेल्पर, बाजूला उभा असलेला शेतमालक आणि वरून गेलेली विजेची तार या सगळ्यांचा त्याच्याशी संबंध येतो. म्हणून 'लिव्हर जरा जड चाललाय, पण काम होतंय' हे वाक्य ऐकले की मला काळजी वाटते. जड चालणारा लिव्हर आज हाताने मागे आणता येतो, पण तो आणायला उद्या वेळ मिळेलच असे नसते.

या लेखात प्रामुख्याने सळई आणि दांड्यांनी व्हॉल्व्हला (तेलाची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या ठोकळ्याला) थेट जोडलेले लिव्हर असणाऱ्या बॅकहो लोडरचा विचार केला आहे, कारण गावोगावच्या फिटरकडे तेच जास्त येतात. पायलट ऑइलवर, म्हणजे कमी दाबाच्या वेगळ्या तेलावर, चालणाऱ्या जॉयस्टिकचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे. सांगण्याचा मुख्य मुद्दा आधीच सांगतो: लिव्हर अडकतो म्हणून आलेल्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांत दोष व्हॉल्व्हच्या आत नसतोच, आणि विनाकारण उघडलेला व्हॉल्व्ह बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत बंद होतो.

हात लावण्याआधी

यंत्र सपाट जागी उभे करून पार्किंग ब्रेक लावावा आणि पुढची व मागची अशा दोन्ही बकेट जमिनीवर पूर्ण टेकवाव्यात. इंजिन बंद केल्यानंतर प्रत्येक लिव्हर दोन्ही दिशांना तीन-चार वेळा हलवावा, म्हणजे नळ्यांत अडकलेला दाब निघून जातो. त्यानंतर टाकीचे झाकण सावकाश सैल करून आतली हवा सुटू द्यावी आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवावी. साइटवर 'जरा चालू करून बघतो' म्हणणारा कोणीतरी नेहमी असतो, आणि त्या क्षणी दुसऱ्याची बोटे लिंकेजमध्ये, म्हणजे लिव्हर आणि व्हॉल्व्ह जोडणाऱ्या दांड्यांत, असतात.

बूम वर असताना लिव्हर अडकला असेल तर एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. स्पूल, म्हणजे व्हॉल्व्हच्या भोकात सरकून तेलाची वाट बदलणारी गोल दांडी, 'खाली' या बाजूला उघडा अडकलेला असताना इंजिन बंद केले, तरी बूम स्वतःच्या वजनाने खाली येतच राहतो, कारण रॅममधले (बूम उचलणाऱ्या सिलिंडरमधले) तेल टाकीकडे जाण्याची वाट मोकळी असते. इंजिन बंद करणे योग्यच आहे, पण त्याने बूम थांबला असे समजून खाली जाऊ नये. बूम जमिनीवर आणता येत नसेल तर त्याला भक्कम आधार दिल्याशिवाय एकही पिन काढू नये, आणि जॅकवर किंवा रचलेल्या विटांवर असा आधार देऊ नये.

तेल कुठून गळते आहे हे बोट फिरवून कधीही शोधू नये. बहुतेक बॅकहो लोडरचा मुख्य दाब 200 ते 250 बारच्या घरात असतो. त्या दाबाने सुईच्या छिद्रातून निघालेली धार कातडी भेदून आत जाते आणि वरून ती जखम काटा बोचल्याएवढी दिसते. ती दुखत नाही म्हणून पट्टी बांधून काम चालू ठेवणाऱ्यांवर पुढे बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. अशा जखमेला काही तासांच्या आत शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय लागते, आणि तिथल्या डॉक्टरांना 'हायड्रॉलिक ऑइल दाबाने आत गेले आहे' असे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

ऑपरेटरला विचारायचे प्रश्न

फिटरने पाना उचलण्याआधी ऑपरेटरशेजारी दहा मिनिटे बसावे. यंत्राची रोजची सवय त्याच्या हाताला माहीत असते, पण नेमके विचारल्याशिवाय तो ती सांगत नाही.

पहिला प्रश्न असा की एकच लिव्हर अडकतो की सगळेच. एकच अडकत असेल तर दोष त्याच्या स्वतःच्या लिंकेजमध्ये किंवा स्पूलमध्ये असतो. सगळे एकाच सुमारास जड झाले असतील तर जे सगळ्यांत सामाईक आहे तिकडे पाहावे. म्हणजे तेल, त्याची उष्णता, सगळे लिव्हर ज्या एका दांड्यावर बसवलेले असतात तो दांडा, किंवा व्हॉल्व्ह ज्यावर घट्ट केला आहे ती बैठक.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. सकाळी जड आणि दुपारी मोकळा होणारा लिव्हर सहसा घट्ट झालेले जुने ग्रीस, सांध्यांतला गंज किंवा चुकीच्या प्रतीचे जाड तेल दाखवतो. सकाळी अगदी मोकळा असणारा आणि दुपारी दोननंतर अडकू लागणारा लिव्हर मात्र उष्णतेकडे बोट दाखवतो. विदर्भात मे महिन्यात बाहेरच 45 अंश तापमान असताना तेलाचा कूलर खडीच्या धुळीने बुजलेला असेल, तर व्हॉल्व्हच्या आत काय चालले असेल याची कल्पना करता येते.

तिसरा प्रश्न भाराचा. बकेट हवेत रिकामी हलवताना सगळे ठीक असते, पण ती कठीण मुरमात रुतून इंजिन दबले की लिव्हर जागच्या जागी धरून ठेवल्यासारखा होतो, असे उत्तर आले तर दाबामुळे स्पूल एका बाजूला रेटला जातो आहे किंवा व्हॉल्व्हचे अंग वाकते आहे. अशा वेळी रिलीफ व्हॉल्व्ह (कमाल दाब ठरवणारा व्हॉल्व्ह) कोणी पिळला आहे का, हे आवर्जून विचारावे. 'ताकद कमी पडत होती म्हणून प्रेशर वाढवून घेतले' हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता दाबमापक लावल्याशिवाय मी पुढे जात नाही.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत उपयोगी वाटतो: लिव्हर जड झाला आहे की ढिला? जड लिव्हर म्हणजे कुठेतरी घर्षण आहे. ढिला लिव्हर, जो हाताने सहज पुढे-मागे होतो पण सोडल्यावर मध्यावर येत नाही, तो घर्षणाने अडकलेला नसतो. त्याला परत आणणारी स्प्रिंग तुटलेली असते किंवा ती धरून ठेवणारा बोल्ट सैल झालेला असतो. लोक दोन्हींना 'लिव्हर अडकला' असेच म्हणतात, परंतु दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत. तसेच, लिव्हर नीट मध्यावर असतानाही बूम मिनिटामिनिटाला थोडा थोडा खाली येत असेल तर ती बहुधा रॅमच्या सीलमधली किंवा व्हॉल्व्हच्या आतली गळती असते. तिचा या लेखाशी संबंध नाही.

एक पिन काढा

आता मुख्य चाचणी. फरशीची पत्र्याची प्लेट उघडून, अडकणाऱ्या लिव्हरची दांडी स्पूलच्या टोकाला जिथे जोडलेली आहे ती पिन काढावी. स्प्लिट पिन सरळ करून बाहेर काढायला आणि मुख्य पिन हलकेच ठोकून बाजूला घ्यायला पाच मिनिटे पुरतात. यानंतर वर बसून लिव्हर हलवावा. दांडी सुटी झाल्यावरही लिव्हर जडच असेल तर दोष वरच्या बाजूला आहे आणि व्हॉल्व्हकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. लिव्हर पिसासारखा हलका झाला असेल तर खाली जाऊन स्पूलचे टोक हाताने आत-बाहेर करून पाहावे. निरोगी स्पूल स्प्रिंगच्या जोराविरुद्ध एकसारखा सरकतो आणि सोडताच मध्यावर परत येतो. अडखळत सरकणारा किंवा परत न येणारा स्पूल आपला दोष तिथेच दाखवतो.

ही चाचणी न करता व्हॉल्व्ह उतरवण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. धरणातला गाळ उपसण्याच्या कामावरचे एक यंत्र माझ्याकडे होते. त्याचा बूमचा लिव्हर वर ढकलला की तिथेच राहायचा. रात्री साइटवरच, गाडीच्या दिव्यांच्या उजेडात मी व्हॉल्व्हचा ब्लॉक (सगळे स्पूल असलेला ठोकळा) उतरवला, स्पूल काढले, पुसले, नवे सील किट टाकले आणि पहाटेपर्यंत सगळे पुन्हा बसवले. सकाळी बूमचा लिव्हर होता तसाच अडकत होता आणि त्याच्या जोडीला बकेटचा लिव्हरही अडकू लागला होता. दुपारी शांत डोक्याने फरशी पूर्ण उघडली तेव्हा लिव्हरच्या खालच्या कोपऱ्यात वाळून दगडासारखा झालेला गाळ आणि त्यात रुतलेला सुपारीएवढा खडा सापडला. लिव्हर पुढे गेला की दांडी त्या खड्यावर चढायची. बकेटचा लिव्हर का अडकू लागला ते पुढे सांगतो, कारण तो दोष मी स्वतः निर्माण केला होता.

वरच्या बाजूला दोष असेल तर तो डोळ्यांनी दिसतोच. सांध्यांच्या पिना आणि बुश कोरडे पडून गंजलेले असतात, ग्रीसची निपल मातीने बंद झालेली असते, दांडी कोणाच्या तरी पायाने वाकून शेजारच्या दांडीला घासत असते, किंवा नवीन टाकलेली रबरी चटई लिव्हरच्या भोकात घुसलेली असते. पिन बाहेर काढून पॉलिश पेपरने साफ करावी, बुशचे भोक पुसावे, झीज जास्त असेल तर दोन्ही बदलावे आणि ताजे ग्रीस भरावे. दांडी जोडताना लिव्हर पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे नेऊन ती स्पूलच्या सरळ रेषेत राहते का, हे पाहावे. तिरप्या ओढीने स्पूलचे टोक हळूहळू वाकते आणि मग बाहेरचा दोष आत जातो. लोडरच्या लिव्हरला अगदी पुढे फ्लोटची, म्हणजे बकेट जमिनीच्या चढउतारांवर मोकळी सोडण्याची, खाच असते. तिथली गोळी आणि स्प्रिंग मातीने भरली तर लिव्हर खाचेतून परत सुटत नाही, आणि तेवढ्यावरून लोक पूर्ण व्हॉल्व्ह निकामी ठरवतात.

व्हॉल्व्ह न उघडता बाहेरून

स्पूलच अडकतो आहे असे ठरले तरी अजून ब्लॉक खोलायचा नाही. आधी त्याची दोन टोके पाहायची.

दांडीच्या बाजूच्या टोकावर रबरी बूट असतो. तो फाटला की पाणी आणि धूळ थेट स्पूलच्या चकचकीत भागावर येऊन बसते. काम संपल्यावर वॉशिंग सेंटरला नेऊन जोरदार फवाऱ्याने यंत्र धुण्याची पद्धत चांगली आहे, पण तो फवारा या टोकांवर मारला तर सीलच्या ओठाखालून पाणी आत ढकलले जाते. पावसाळ्यात दोन महिने उभ्या राहिलेल्या मशीनचे लिव्हर जागेवरून हलत नाहीत ते याच कारणाने, कारण स्पूलच्या उघड्या भागावर गंजाचे बारीक खडबडीत वलय तयार होते आणि ते सीलमधून आत जाताना अडते.

दुसऱ्या टोकाला स्प्रिंगची टोपी असते. भोवतालची जागा ब्रशने आणि डिझेलने स्वच्छ करून, हवेने सुकवून, टोपीचे दोन स्क्रू काढावेत. मी उघडलेल्या एका टोपीतून चमचाभर चहाच्या रंगाचे पाणी बाहेर आले होते आणि स्प्रिंगची वेटोळी गंजाने एकमेकांना चिकटलेली होती. त्या यंत्राच्या मालकाला नवीन ब्लॉकचा खर्च सांगितला गेला होता, आणि काम मात्र एका स्प्रिंगवर, दोन वाट्यांवर आणि टोपीच्या सीलवर भागले. इथेच स्प्रिंग धरून ठेवणारा मधला बोल्ट घट्ट आहे का, हेही पाहावे. तो अर्धा फेरा जरी सैल झाला तरी स्प्रिंग अखंड असूनही स्पूल नेमक्या मध्यावर येत नाही. टोपी काढूनही स्पूल हाताने जड सरकत असेल तरच घर्षण आतल्या भोकात आहे असे म्हणता येते.

त्यानंतर एक तपासणी उरते आणि ती जवळजवळ कोणीच करत नाही. ब्लॉक ज्या बोल्टांनी चौकटीला धरलेला असतो ते बोल्ट, इंजिन बंद आणि दाब शून्य असताना, पाव-पाव फेरा सैल करायचे आणि दुसऱ्या हाताने स्पूल दाबून पाहायचा. बैठक वाकडी असेल किंवा बोल्ट असमान पिळले असतील तर एका ठराविक बोल्टाला पाव फेरा मिळताच, आतापर्यंत अंगठ्याने हलत नसलेला स्पूल टक् करून मध्यावर येतो. माझ्या त्या रात्रीच्या कामात बकेटचा स्पूल याचमुळे अडकला होता: मी एका बाजूचे बोल्ट आधी पूर्ण पिळले आणि मग दुसऱ्या बाजूचे. उपाय म्हणून बैठक साफ करावी, ब्लॉक डुगडुगत असेल त्या कोपऱ्याखाली योग्य जाडीची चकती द्यावी आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळावेत. लोखंडी पाइप जबरदस्तीने ओढून जोडलेला असेल तर तोही ब्लॉकला असाच पीळ देतो. मात्र ब्लॉकचे सगळे भाग एकत्र बांधणारे जे लांब बोल्ट असतात त्यांना या चाचणीत हात लावू नये, कारण ते सैल झाले की भागांमधल्या ओ-रिंग जागा सोडतात.

लोखंडाचा एवढा मोठा ठोकळा एका बोल्टाने कसा वाकेल, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. स्पूल आणि त्याचे भोक यांच्यातली फट फक्त काही मायक्रॉनची असते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन, आणि माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. एवढ्या फटीत दिसेल अशा वाकण्याची गरजच नसते.

ब्लॉक उघडावाच लागला तर

उघड्या साइटवर, वाऱ्यात आणि धुळीत, हे काम करू नये. यंत्र शेडमध्ये आणावे किंवा ब्लॉक उतरवून, प्रत्येक तोंडाला स्वच्छ बूच लावून शेडमध्ये न्यावा. नळ्यांची तोंडेही लगेच बंद करावीत. प्रत्येक नळीला आणि तिच्या जागेला एकच खूण द्यावी, कारण अदलाबदल झाली तर लिव्हर वर केल्यावर बूम खाली येईल, आणि ते समजेपर्यंत उशीर झालेला असेल.

प्रत्येक स्पूल त्याच्या स्वतःच्या भोकाशी जुळवून घासलेला असतो, म्हणून एकाचा स्पूल दुसऱ्यात कधीही घालू नये, आणि तो कोणत्या टोकाने बाहेर काढला हेही लिहून ठेवावे. तो सरळ रेषेत, हलकेच फिरवत काढावा. अडला तर हातोडा घेऊ नये, पुन्हा थोडा आत सरकवून परत ओढावा. बाहेर आल्यावर उजेडात फिरवून पाहावे. पिवळसर तपकिरी, नखाने न निघणारा पातळ थर दिसला तर ते तापून जळालेल्या तेलाचे लाखेसारखे आवरण आहे. ते योग्य द्रावणाने आणि मऊ कापडाने निघते. लांबीच्या दिशेने गेलेले ओरखडे म्हणजे तेलातून कठीण कण गेले आहेत, आणि नख अडकेल एवढे ते खोल असतील तर तो भाग भोकासकट बदलण्यावाचून इलाज नाही. एकाच बाजूला चकाकणारा घासल्याचा पट्टा दिसला तर स्पूल तिरपा चालतो आहे, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा मागे सांगितलेली दांडीची ओढ किंवा ब्लॉकचा पीळ हेच असते.

स्पूलवर जे अरुंद गोल खाचे कोरलेले दिसतात ते नक्षी म्हणून नसतात. 200 बार म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 200 किलोचा रेटा. तो सर्व बाजूंनी सारखा वाटला गेला नाही तर स्पूल भोकाच्या एका भिंतीला चिकटतो. हे खाचे दाब सभोवार सारखा करतात. ते गाळाने किंवा लाखेने भरले की भाराखाली लिव्हर अडकू लागतो. म्हणून त्यांतली घाण लाकडी काडीने काढावी, पण एमरी पेपर किंवा फाइल स्पूलला लावू नये. चौकोनी कडा जराशी जरी गोल झाली तरी लिव्हरचा बारीक ताबा जातो आणि गळती वाढते.

पुसण्यासाठी गॅरेजमध्ये सर्रास वापरली जाणारी कापसाची वेस्ट इथे वापरू नये, कारण तिचे तंतू काही मायक्रॉनच्या त्या फटीत जाऊन बसतात. सूत न सुटणारे धुतलेले कापड घ्यावे. ओ-रिंग पेट्रोलमध्ये किंवा थिनरमध्ये बुडवू नये, ती फुगते आणि फुगलेली ओ-रिंग स्वतःच स्पूल धरून ठेवते. ब्रेक ऑइल चुकून हायड्रॉलिकच्या टाकीत गेल्यावरही सीलची हीच गत होते. बसवताना स्पूल, भोक आणि नवे सील यांना यंत्रात असलेलेच स्वच्छ हायड्रॉलिक ऑइल लावावे. सील न बसवता, ब्लॉक उभा धरून, तेल लावलेला स्पूल भोकात सोडला तर तो जवळपास स्वतःच्या वजनाने किंवा बोटाच्या हलक्या स्पर्शाने सावकाश खाली उतरला पाहिजे. तो उतरत नसेल तर पुढची जोडणी करण्यात अर्थ नाही.

जॉयस्टिक असलेल्या यंत्रात

पोकलेनमध्ये हाताखालची जॉयस्टिक मुख्य स्पूलला थेट हलवत नाही. ती साधारण 35 ते 40 बारच्या पायलट ऑइलला वाट देते आणि ते तेल स्पूलच्या टोकावर जाऊन त्याला ढकलते. त्यामुळे इथे जॉयस्टिक हाताला अगदी मोकळी लागते आणि तरीही हालचाल थांबत नाही, असे होऊ शकते.

हालचाल थांबत नसताना सीटशेजारचा सेफ्टी लिव्हर लगेच ओढावा. त्याने पायलट तेल तुटते. यानंतर हालचाल थांबली तर दोष जॉयस्टिकखालच्या व्हॉल्व्हमध्ये किंवा पायलट लाइनमध्ये असण्याची शक्यता जास्त असते. थांबली नाही तर मुख्य स्पूलच अडकला आहे आणि इंजिन तत्काळ बंद केले पाहिजे. खात्री करण्यासाठी अडकणाऱ्या हालचालीच्या पायलट लाइनवर 60 बारपर्यंतचा दाबमापक लावावा. जॉयस्टिक ढकलताना काटा एकसारखा चढला आणि सोडताच जवळपास शून्यावर आला तर जॉयस्टिक निर्दोष आहे. सोडल्यावरही काही बार शिल्लक राहत असतील तर जॉयस्टिकखालचा प्लंजर अडकला आहे किंवा पायलटची टाकीकडे जाणारी नळी दबली वा बुजली आहे. प्लंजर अडकण्याचे नेहमीचे कारण म्हणजे फाटलेल्या बुटातून गेलेला चहा, घाम आणि धूळ.

दाबमापक नसेल तर दोन हालचालींच्या पायलट नळ्या मुख्य व्हॉल्व्हपाशी आपसांत बदलून दोष कोणाबरोबर जातो ते पाहता येते. दोष जॉयस्टिकच्या हालचालीबरोबर दुसऱ्या कामाला लागला तर तो वरचा, आणि जिथल्या तिथे राहिला तर मुख्य स्पूलचा. ही चाचणी मोकळ्या मैदानात, इंजिन कमीत कमी वेगावर ठेवून आणि आसपास कोणी नाही हे पाहूनच करावी, कारण हाताची सवय आणि यंत्राची हालचाल यांची त्या वेळी फारकत झालेली असते. अनेक यंत्रांत पायलट लाइनवर दाब साठवणारा अक्युम्युलेटर असतो. म्हणून इंजिन बंद केल्यावर किल्ली पुन्हा 'ऑन'वर आणून, सेफ्टी लिव्हर उघडून, दोन्ही जॉयस्टिक सर्व दिशांना फिरवल्याशिवाय कोणतीही पायलट नळी सोडू नये. पायलटचा फिल्टर मुख्य फिल्टरपेक्षा वेगळा आणि लहान असतो, आणि तो बदलायचा राहून गेलेला आढळतो.

तेलाकडे पाहताना

स्पूल मोकळा केला आणि तेल तेच ठेवले तर काही आठवड्यांत यंत्र परत येते. काचेच्या बाटलीत थोडे तेल काढून रात्रभर ठेवावे. दुधाळ दिसले तर त्यात पाणी आहे, तळाशी गाळ बसला तर फिल्टर आपले काम करत नाही, आणि काळपट होऊन जळका वास येत असेल तर ते तापून गेले आहे. डोळ्यांना तेल स्वच्छ दिसले म्हणजे ते स्वच्छ आहे असे मात्र होत नाही. साधारण 40 मायक्रॉनपेक्षा लहान कण आपल्याला दिसत नाहीत आणि स्पूल अडवणारे कण त्याहून कितीतरी लहान असतात. लिव्हर बराच वेळ न हलवता ठेवल्यावर पहिला धक्का जड लागतो आणि मग तो मोकळा होतो, तेव्हा असेच अदृश्य कण फटीत साचलेले असतात.

तेलाची प्रत पुस्तिकेत लिहिलेलीच असावी, मग तिचा जाडीचा आकडा 46 असो वा 68, आणि टाकीत दुसऱ्या प्रतीचे तेल वर ओतून पातळी भरून काढू नये. तेल 80 ते 82 अंशांच्या वर सतत राहिले तर ते लवकर जळते आणि सील कडक होतात. म्हणून कूलरची जाळी रोज हवेने आतून बाहेर फुंकावी, पंख्याचा पट्टा पाहावा आणि पिळलेला रिलीफ व्हॉल्व्ह दाबमापक लावून मूळ आकड्यावर आणावा. टाकीचा ब्रीदर, म्हणजे तिच्यात हवा आत-बाहेर जाऊ देणारे गाळणे, हा स्वस्त भाग आहे आणि त्याच्याच वाटेने काळ्या मातीची धूळ रोज आत जाते. तो दर खेपेला बदलण्यात मला कधीही काटकसर पटलेली नाही.

पुन्हा चालू करताना

जोडणी झाल्यावर इंजिन कमी वेगावर ठेवून, बकेट जमिनीपासून हातभरच उचलून, एकेक लिव्हर अर्धा ढकलून सोडावा आणि हालचाल त्याच क्षणी थांबते का ते पाहावे. त्यानंतर पूर्ण ढकलून, मग दोन हालचाली एकत्र करून आणि शेवटी तेल कामाच्या तापमानाला आल्यावर बकेट जमिनीत रुतवून भाराखाली हीच तपासणी करावी. दुपारी अडकणारा लिव्हर थंड यंत्रावर तपासून 'झाले' म्हणणे म्हणजे तपासणी न करणेच होय. यंत्र पावसाळ्यात उभे राहणार असेल तर जितके रॅम आत घेता येतील तितके आत घ्यावेत, व्हॉल्व्हच्या टोकांना हायड्रॉलिक ऑइलचा हात द्यावा, कारण ग्रीस तिथे धूळ धरून ठेवते, आणि दर पंधरा दिवसांनी इंजिन चालू करून प्रत्येक लिव्हर दोन्ही बाजूंना पूर्ण हलवावा.

ब्लॉक उघडला असेल तर 50 तासांच्या कामानंतर रिटर्नचा (टाकीकडे परतणाऱ्या तेलाचा) फिल्टर काढून, त्याचा कागद कापून, घडी उलगडून उन्हात पाहावा. नुसता तंतू किंवा सीलचा काळा चुरा असेल तर तो आपल्याच कामाचा अवशेष आहे आणि नवा फिल्टर टाकून यंत्र कामावर जाऊ शकते. मात्र घडीत पितळी किंवा पोलादी चमक दिसली तर कण अजून तयार होत आहेत. अशा वेळी व्हॉल्व्ह पुन्हा उघडण्याऐवजी पंप तपासायला घ्यावा.